सेंटर आधी की केंद्र आधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतली संस्कृतातून इंग्रजीत गेलेल्या शब्दांची यादी दुपारपर्यंत आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होती. उद्या ती शाळांच्या फळ्यावरही जाईल, म्हणून हे पत्र.

पितृ-फादर, दन्त-टूथ, दश-टेन या जोड्या खऱ्याच नात्यातल्या आहेत. पण संस्कृत इथे आई नाही, बहीण आहे. भाषापंडित विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे म्हटले होते की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ कदाचित आता उरलेलेही नसेल. असे नाते कानावर ठरत नाही, ध्वनी नियमाने बदलला का यावर ठरते. संस्कृतातल्या 'प'च्या जागी इंग्रजीत 'फ' येतो (पाद-फूट), 'द'च्या जागी 'ट' (द्वि-टू). याच हिशेबाने चक्र आणि व्हील एका कुळातले निघतात, ऐकून कुणाला पटणार नाही. ग्रीकमधून आलेली सायकलही त्याच कुळातली. उलट 'बदनाम'मधला फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा उच्चार जवळपास सारखा, अर्थ तोच, आणि नाते शून्य!

शर्करेचा शुगर झाला हे यादीत बरोबर आहे, पण वाटेतली गावे गाळली आहेत. फारसीत शकर, अरबीत सुक्कर, मग लॅटिन-फ्रेंचमार्गे इंग्रजीत शुगर. खंडाची (म्हणजे साखरेच्या खड्याची) कँडी साधारण त्याच वाटेने गेली. हा मालाबरोबर झालेला शब्दांचा प्रवास आहे, त्यात फारसी-अरबी व्यापाऱ्यांचा वाटा पुसून कसा चालेल? आम्र-मँगो मात्र सरळ चूक. मँगो हा दक्षिणेतल्या 'मांगा'वरून पोर्तुगीजांनी उचलला आणि त्यांच्याकडून इंग्रजांनी. तमिळ-मल्याळमची मिळकत संस्कृतच्या खात्यावर का जमा करायची?

खरी अडचण 'सेंटर' आणि 'अवर' या दोन शब्दांची. यादी म्हणते, हे केंद्र आणि होरा (ज्योतिषातला तासाभराचा काळ) यांवरून आले. प्रकार बरोबर उलटा आहे. केंद्र हा ग्रीक 'केन्ट्रॉन', होरा ग्रीक 'होरा'च. ग्रीक ज्योतिषाबरोबर ते आपल्याकडे आले आणि संस्कृतात इतके रुळले की आज आपल्याला परके वाटत नाहीत. ज्योतिषी वराहमिहिराने 'बृहज्जातक' या ग्रंथात मेष-वृषभ राशींना 'क्रिय' आणि 'तावुरि' अशीही नावे दिली आहेत, तीही ग्रीकच. ज्या पंडिताला आपण मान देतो त्याला परका शब्द घेताना संकोच वाटला नाही, मग आपल्यालाच का वाटावा?

कुणाला हे दूरचे वाटत असेल तर पांडवलेणी चढून सतरा नंबरच्या लेण्यात जावे. तिथला प्राकृत कोरीव लेख सांगतो की हे लेणे दत्तामित्रीचा रहिवासी, धम्मदेवाचा मुलगा, योनक इंद्राग्निदत्त याने करवून घेतले. योनक म्हणजे यवन, ग्रीक. बापाचे नाव धम्मदेव, मुलाचे इंद्राग्निदत्त, दान बौद्ध संघाला आणि भाषा प्राकृत! इतकी सरमिसळ नाशिकच्या डोंगरात झाली असेल तर शब्द एकाच दिशेने वाहिले असे कसे मानायचे? (आपल्या जिल्ह्यातला बेदाणासुद्धा फारसी आहे, 'बे-दाना' म्हणजे बिनबियांचा. त्याने काही गोडी कमी होत नाही.)

विनंती एवढीच की मँगो, सेंटर आणि अवर यांची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच जागी छापावी, आणि यापुढे शब्दाबरोबर तो कोणत्या भाषांतून गेला तेही द्यावे. एक शब्द माझ्याकडून घ्या: मंगूस. हा इंग्रजीत आपल्या मुंगसावरून गेला, इंग्रजी शब्दकोश तशी नोंद करतात. लिहिताना इंग्रजांनी त्याच्या शेपटीला उगाच 'गूस' म्हणजे बदक-हंसाच्या जातीचा पक्षी चिकटवला, आणि तो 'गूस' मात्र आपल्या 'हंस'चा सख्खा नातलग आहे. अख्ख्या यादीत मराठीतून गेलेला एकही शब्द नव्हता, निदान हा तरी असू द्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नाशिकरोड