अमेरिकेतला कोयता

सेल्मा, कॅलिफोर्निया
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू विचारलंस, पोरांना त्या एजंटच्या हाती अमेरिकेला पाठवू का, आणि मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला. राग आला असेल. पण स्पीकर चालू होता, तुझ्या शेजारी तीच चार पोरं कान देऊन बसली होती आणि त्यांच्यादेखत मला तुझ्याशी वाद घालायचा नव्हता. म्हणून हे कागदावर. वाचून झालं की वहिनीला दे. मायला वाचून दाखवायचं की नाही, ते वहिनी ठरवील.

तो एजंट म्हणतो की अमेरिकेत द्राक्षं तोडायला माणसं लागतात, महिन्याला अडीच-तीन लाख सुटतात, व्हिसा सरकारी असतो, माणशी बारा लाख भरा. सप्टेंबरच्या पुरात सोयाबीन गेलं, त्यामुळे पोरं जमीन गहाण टाकायलाही तयार होतील हे मला कळतं. यातली पहिली तिन्ही वाक्यं जवळजवळ खरी आहेत, आणि म्हणूनच तो माणूस जास्त धोक्याचा. शेतमजुरांसाठी इथं एच-टू-ए नावाचा व्हिसा आहे. पण त्याचा नियम असा की कामाला लावण्यासाठी मजुराकडून एक पैसाही घ्यायचा नाही, ना मालकाने, ना दलालाने. बारा लाख मागितले तिथंच तो खोटा ठरला. मग तो पोरांना कोणत्या वाटेने आणणार? ५ फेब्रुवारीला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ माणसं अमृतसरला परत पाठवली, हातात बेड्या आणि पायात साखळ्या घालून, ती बातमी तू पाहिली असशील. त्यांत पंजाब, हरियाणा, गुजरातचीच जास्त होती, पण तीन आपल्या महाराष्ट्रातलीही होती.

तेव्हा पोरांना नाही म्हणून सांग. एवढ्यासाठी पत्र लागलं नसतं. पण तू फोनवर शेवटी म्हणालास, "तिथं तरी मजुराला किंमत असंल." ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

ऑगस्ट-सप्टेंबरात मी ठिबकच्या लाईनी तपासायला रोज बागेत असते. हा बेदाण्याचा मुलूख. द्राक्ष तेच, आपलं थॉम्पसन. पण तासगावसारखी शेड नाही, की घड डिपिंग ऑइलमध्ये बुडवणं नाही. दोन ओळींच्या मधल्या मातीवर कागद अंथरायचा आणि घड कापून त्यावर पसरायचे, बाकीचं ऊन बघून घेतं. चाळीस अंशांत माणसं वेलीखाली गुडघ्यावर सरकत जातात, हातात आकडीसारखा वाकडा चाकू, तोंडाला फडकं, डोळे तेवढे उघडे. पैसे कागदामागे मिळतात, जसे आपल्याकडे टनामागे. पहिल्या वर्षी मी वेलीच्या आडून हे नुसतं बघत उभी राहिले होते. फडातला सगळा कारभारच समोर होता, फक्त ऊस नव्हता. टोळीला कुआद्रिया म्हणतात. मुकादमाला मायोर्दोमो. त्याच्यावर कंत्राटदार. पहाटे चारला गाडीतून शेतावर नेणारा राइतेरो वेगळा, तो रोजच्या फेरीचे पैसे रोज कापून घेतो. बागमालकाला विचारलं तर म्हणतो, माझी माणसं नाहीत, कंत्राटदाराची आहेत. कारखान्याचा शेतकी अधिकारी आबांना हेच सांगायचा, आठवतं?

या टोळीत एक बाई आहे, मी तिला मावशी म्हणते. मेक्सिकोच्या ओआहाका भागातली. तिची भाषा मिश्तेको, स्पॅनिश तिलाही माझ्याइतकंच मोडकं येतं, त्यामुळे आमचं जमतं. बाकीचं तिची लेक इंग्रजीत सांगते. एकदा मी मोठ्या ऐटीत तिला सांगितलं की आमच्या वर्ध्याकडचे एक क्रांतिकारक, पांडुरंग खानखोजे, तुमच्या देशात येऊन चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवायचे, मक्यावर त्यांनी मोठं काम केलं. ती म्हणाली, "आमच्या गावात कोणी आलं नव्हतं." विषय संपला.

मावशी १९९९ मध्ये वाळवंट चालून आली. २६ वर्षं झाली. तिन्ही मुलं इथं जन्मलेली, म्हणून नागरिक. तिच्याकडे इथं राहण्याचा कागद नाही. पगारातून पेन्शनचे पैसे कापले जातात, पण ज्या सरकारी नंबरावर कापले जातात तो तिचा नसल्यामुळे म्हातारपणी त्यातलं काही हाती येणार नाही. अशी ती एकटी नाही. सरकारच्याच पाहणीत देशातल्या पीक-मजुरांपैकी चाळीस टक्क्यांच्या आसपास लोकांकडे कामाचा परवाना नसतो. जानेवारीत दक्षिणेकडच्या केर्न काउंटीत सीमा-पोलिसांनी संत्र्याच्या तोडणीच्या दिवसांत रस्त्यावर माणसं धरली, तेव्हापासून ती दुकानातही जात नाही, सामान लेक आणते. जूनमध्ये ट्रम्प म्हणाले की शेतकऱ्यांची वर्षानुवर्षांची चांगली माणसं जातायत, काहीतरी करू. शेतांवरच्या धाडी थांबवायचा हुकूम निघाला आणि आठवड्याच्या आत मागे घेतला गेला. १० जुलैला समुद्राकडच्या कामारियो गावाजवळ काचघरांवर धाड पडली, तीनशेहून जास्त माणसं धरली आणि एक मजूर छतावरून पडून मेला. दुसऱ्या दिवशी आमच्या बागेत निम्मी टोळी आली नाही. मावशी आली. मी विचारलं तर म्हणाली, "भाडं आहे ना."

आता बागमालक. पंजाबी सरदारजी आहेत, माणूस दिलदार, गुरुद्वारातून माझ्यासाठी खीर आणतात. पंजाबी शेतकरी या राज्यात शंभर वर्षांहून जुने. १९१३ च्या कायद्याने त्यांना जमीन घ्यायची बंदी होती, कारण ते नागरिक होऊ शकत नव्हते. नागरिकत्वाचा हक्क १९४६ मध्ये मिळाला आणि दहा वर्षांत त्यांच्यातलाच एक शेतकरी, दलीपसिंग सौंद, इथल्या संसदेत निवडून गेला. आमचे सरदारजी त्या मानाने नवे. टुरिस्ट म्हणून आले आणि राहून गेले. १९८६ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कायदा केला: मे ८६ पर्यंतच्या वर्षात शेतात ९० दिवस काम केलं असेल तर कागद देऊ. सरदारजींनी पीच तोडले होते. किती दिवस, ते विचारलं की हसतात. त्या कायद्याने साधारण २७ लाख लोकांना कागद मिळाले, त्यांत शेतमजूर म्हणून ११ लाखांच्या आसपास. आज तेच सरदारजी म्हणतात, "आम्ही रांगेत उभे राहिलो, यांनीही राहावं." कोणती रांग, काकाजी? मावशीसाठी रांगच नाही! पण त्यांच्या खिरीला मी जागते, म्हणून गप्प बसले.

अर्धी गोष्ट मात्र ते खरी सांगतात. ८६ च्या कायद्यात कागद नसलेल्याला जाणूनबुजून कामावर ठेवणं बेकायदा ठरवलं. झालं काय, की बागमालकांनी माणसं कंत्राटदाराच्या नावावर टाकली. कागद तपासायचे कंत्राटदाराने, मालकाचे हात स्वच्छ. मुकादमी या देशात आधीपासून होती, त्या कायद्यानंतर तिचा धंदा वाढला.

त्याच्या आधीचं तर ऐकण्यासारखं आहे. महायुद्धात माणसं कमी पडली म्हणून १९४२ पासून मेक्सिकोतून ब्रासेरो मजूर करारावर आणले, १९६४ पर्यंत, ४५ लाखांहून जास्त करार झाले. सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या पगारातले १० टक्के कापून मेक्सिकोच्या बँकेत ठेवायचे, गावी परतलास की मिळतील म्हणून. बहुतेकांना ते मिळालेच नाहीत. आपल्याकडे हंगामाआधी आगाऊ उचल देऊन माणूस बांधतात, यांनी पगाराचा हिस्सा अडकवून बांधला. आणि १९३५ मध्ये कामगारांना संघटनेचा हक्क देणारा मोठा कायदा झाला, त्यातून शेतमजूर वगळले, दक्षिणेतले जमीनदार दुखावू नयेत म्हणून. तिथे राबणारे पुष्कळसे काळे होते. ती वगळणूक केंद्राच्या कायद्यात आजही आहे. कॅलिफोर्नियाने १९७५ मध्ये स्वतःपुरता वेगळा कायदा केला, तोही डेलानोच्या द्राक्षबागांत फिलिपिनो आणि मेक्सिकन मजुरांनी वर्षानुवर्षं संप केल्यावर. डेलानो इथून तासाभरावर आहे.

मग सुधारणा का होत नाही, असं तू विचारशील. प्रयत्न झाले. २०१३ मध्ये वरच्या सभागृहाने, म्हणजे सिनेटने, अशा लोकांना कागद देणारं मोठं विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं, खालच्या सभागृहाच्या अध्यक्षांनी ते मतदानालाच घेतलं नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये नुसत्या शेतमजुरांचं विधेयक उलट खालच्या सभागृहात मंजूर झालं, दुसऱ्या वेळी २४७ विरुद्ध १७४, आणि सिनेटमध्ये विरलं. ते मी बसून वाचलं. दोन वर्षांत १८० दिवस काम दाखवलं तर तात्पुरता परवाना. कायमचं कार्ड हवं असेल तर हजार डॉलर दंड, आणि जुन्या मजुराने पुढची चार वर्षं शेतातच राबायचं, नव्याने आठ. मावशीच्या लेकीला मी हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आईचे गुडघे जाईपर्यंत." आणि हे मजुराच्या बाजूच्या लोकांनी लिहिलेलं, बागायतदारांशी घासाघीस करून. विरोधकांना तेवढंही नको.

दुसरा रस्ता तो एच-टू-ए. त्याला संख्येची मर्यादा नाही. २००५ च्या सुमाराला मंजूर जागा ५० हजारांच्या आसपास होत्या, २०२३ मध्ये पावणेचार लाखांच्या वर गेल्या. खरं सांगते, कागदावर तो आपल्या ऊसतोडीच्या कोयत्यापेक्षा बरा आहे. राहायची खोली फुकट, येण्याजाण्याचं भाडं मालकाचं, कराराच्या तीन-चतुर्थांश तासांची हमी. पण व्हिसा ज्या मालकाच्या नावावर, काम त्याच्याकडेच. दुसऱ्या मालकाने नव्याने अर्ज केला तर बदलता येतं, पण तक्रार करणाऱ्या मजुरासाठी असा अर्ज कोण करील? तो शब्दाने बोलला की पुढच्या हंगामाच्या यादीत त्याचं नाव नसतं. फी घ्यायची नाही हा नियमही इकडचा. तिकडच्या गावातला दलाल घेतोच, मजूर व्याजाने काढतो आणि ते फिटेपर्यंत तोंड उघडत नाही. कॅलिफोर्नियात या व्हिसावरच्या मजुरीचा दर तासाला १९.९७ डॉलर होता. गेल्या महिन्यात सरकारने हिशेबच बदलला, साध्या तोडणीचा दर राज्याच्या २०२५ च्या किमान वेतनाशी, १६.५० ला, येऊन टेकला. गंमत म्हणजे त्याच आदेशात सरकारने स्वतः लिहिलंय की धरपकडीमुळे मजूर मिळेनात आणि देशाचं अन्न पिकवण्यालाच धोका आहे. म्हणजे एका हाताने जुनी माणसं हाकलायची, दुसऱ्या हाताने स्वस्तात बांधलेली आणायची. भांडण चाललंय ते आत कोण येणार यावर. आल्यावर त्याला काम सोडता येईल का, हे दोन्ही पक्षांत फार थोडे विचारतात.

दादा, आता जे लिहितेय ते रागाने वाचू नकोस. तू सातवीतून फडात गेलास, कोयत्याच्या जोडीतला एकटा, अर्धा कोयता म्हणून, तेव्हा कुठं मी वसतिगृहात राहिले आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठात पोचले. हे मी विसरत नाही. तू मुकादम झालास तेव्हा आबांनी पेढे वाटले, मीही खाल्ले. कारखाना तुला दाबतो, माणसं उचल घेऊन पळतात, ट्रॅक्टरचे हप्ते आहेत, हेही माहीत आहे मला.

पण २००८ साली इथून उत्तरेला, स्टॉकटनजवळ, द्राक्षबागेत १७ वर्षांची एक पोरगी उन्हाने मेली. दोन महिन्यांची गरोदर होती. नऊ तास काम, सावली नाही, पाणी लांब. उन्हाचा कायदा या राज्यात २००५ पासून होता. कंत्राटदारावर खटला झाला, पण कोणी तुरुंगात गेलं नाही, समाजसेवेचे तास झाले. आता पारा २७ अंशांवर गेला की सावली लावावीच लागते. दर वर्षी बागेत त्या निळ्या ताडपत्र्या उभ्या राहिल्या की मला फडावरची आपली कोपी, ती पाचटाची झोपडी, दिसते, आणि पिशवी काढल्यावर महिनाभरात मोळी उचलणारी माय दिसते. २०१९ च्या सरकारी समितीला बीडमध्ये गर्भाशय काढलेल्या १३ हजारांवर ऊसतोड बायका सापडल्या. मायचा आकडा त्यात आहे की नाही कुणास ठाऊक. तिने डॉक्टरला विचारलं होतं, खाडा किती पडेल.

वहिनीने मला सांगितलंय. तिला बोलू नकोस, मीच खोदून विचारलं. गेल्या हंगामात तुझ्या टोळीतली ती वडवणीकडची जोडी, फेब्रुवारीत फडावरच बाळंत झाली ती. बारा दिवस कोयता बंद होता. हंगाम संपून पट्टा पडल्यावर तू ते बारा दिवस खाडा म्हणून वहीत धरलेस, आणि यंदाच्या उचलीत ते मागचं जोडून त्यांना पुन्हा नेलंस. तिचं लेकरू आता नऊ महिन्यांचं असेल, उसाच्या सरीत झोळीत.

वही काढ आणि त्यांच्या नावावर मागचं किती निघतं ते मला कळव. पैसे मी पाठवते, तुझ्या खात्यावर. पोचले की तो आकडा त्या दोघांच्या समोर खोडायचा आणि व्हॉट्सॲपवर मला पानाचा फोटो धाडायचा. माझं नाव सांगायची गरज नाही, तुझंच होऊ दे.

मायच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, या आठवड्यात आण. बेदाणा पाठवलाय, कागदावर वाळलेला, थोडी माती असेल, धुऊन खा.

तुझी,
ताई