रिलीजच्या आधीचं एक वर्ष

चि. बाळू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, आप्पा, आर्मीतून रिलीज होऊन घरी आलो की जी पहिली नोकरी मिळेल ती धरतो, रिकामा बसणार नाही. तुझी आई शेजारी होती म्हणून मी गप्प बसलो पण रात्रभर तेच डोक्यात फिरत होतं, म्हणून लिहायला घेतलंय, लांबलं तरी पूर्ण वाच.

मी पण तेच केलं होतं. रिलीज होऊन दोन महिने झाले, येणारा जाणारा विचारायचा की आता काय करताय, आणि मी घाबरून शिपायाची पोस्ट घेतली. काम मनापासून केलं, त्याचं दुःख नाही. पण सहा महिन्यांत क्लार्कची जाहिरात आली, माझं टायपिंग झालेलं, सर्टिफिकेट हातात, आणि तिथे कळलं की माजी सैनिकाचं आरक्षण एकदाच मिळतं आणि माझं वापरून झालंय. शेवटपर्यंत शिपाईच राहिलो. हे तुला आजपर्यंत सांगितलं नव्हतं.

आता केंद्राच्या नोकरीत थोडी वाट आहे. 2014 पासून असा नियम आहे की पहिल्या नोकरीवर हजर व्हायच्या आधी तू जिथे जिथे अर्ज केलेत त्यांची तारखेसकट यादी हजर झाल्या झाल्या त्या ऑफिसात लिहून द्यायची, मग त्या अर्जांपुरता तुझा हक्क शाबूत राहतो. म्हणजे पहिली ऑर्डर हातात यायच्या आधी चार ठिकाणी फॉर्म भरलेले पाहिजेत, आणि प्रत्येक फॉर्मची प्रिंट जपून ठेवलेली. रिलीजला वर्ष राहिलं की अर्ज करता येतो, तुझं ते वर्ष आता सुरू होतंय. युनिटमधून एनओसी, म्हणजे अर्जाला हरकत नाही असं पत्र, आत्ताच माग, शेवटच्या महिन्यात सगळ्यांची धावपळ असते.

वयाची काळजी करतोस ती सोड. तुझ्या वयाच्या 37 मधून सर्व्हिसची 17 वजा केली की 20 उरतात, आणि हे उरलेलं वय जाहिरातीतल्या मर्यादेच्या वर 3 वर्षांपर्यंत गेलं तरी चालतं. ग्रॅज्युएशनचं पण तसंच, दहावी पास किंवा आर्मीचं स्पेशल एज्युकेशन सर्टिफिकेट, आणि 15 वर्षं सर्व्हिस असेल तर केंद्राच्या वर्ग क मधल्या ज्या पोस्टला पदवी लागते पण टेक्निकल अनुभव लागत नाही तिथे तुला धरतात. केंद्रात वर्ग क ला आपल्याला, माजी सैनिकांना, 10 टक्के जागा राखीव, सरकारी बँकेत क्लार्कला 14.5 टक्के, आणि महाराष्ट्र शासनाच्या भरतीत 15 टक्के. पण परीक्षा द्यावीच लागते रे, कोटा आहे म्हणून कुणी घरी ऑर्डर आणून देत नाही. गणित आणि इंग्रजी सुटून तुला वीस वर्षं होत आली, रोज ड्यूटी संपल्यावर एक तास तरी बस. मला तर बँक तुझ्यासाठी चांगली वाटते, पण ते तू ठरव.

कागदांचं मात्र माझं ऐकच. माझ्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे आर्मीतून सुटताना मिळालेल्या पुस्तकात, जन्मतारखेतला आकडा 6 आहे का 8 तेच कळत नव्हतं, शाई पसरलेली, आणि शाळेच्या दाखल्यावर स्पष्ट 8. त्या एका आकड्यासाठी मला पडताळणीत चार वेळा परत पाठवलं, आर्मीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकायचं आणि पोस्टमनची वाट बघत ओट्यावर बसायचं. तू युनिटमध्ये आहेस तोवर क्लार्कसमोर बसून नाव, जन्मतारीख, बायकोचं नाव, पोरांची नावं, आधारशी अक्षर अन् अक्षर जुळवून घे. तिथे दोन दिवसांत होतं ते बाहेर आल्यावर महिनोन् महिने चालतं. आणि घरी आलास की पहिल्या आठवड्यातच जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदव, माजी सैनिकाचं ओळखपत्र तिथूनच मिळतं.

पेन्शन चालू होईल तेव्हा घर अडणार नाही, नोकरी लागली तरी ती बंद होत नाही. सहा महिने अभ्यास करत घरी बसावं लागलं तर बस. कुणी विचारलं पोरगा काय करतोय तर उत्तर मी देईन. माझी जुनी काळी ट्रंक रिकामी करून पुसून ठेवलीय, कुलपाला तेल पण घातलंय, तुझे कागद त्यात राहतील.

तुझे आप्पा