कल्याणगडावर भेटलेल्या आबांना

ती. आबा,
सा. न.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. नातू मोबाइलवर वाचून दाखवील तेव्हा तुम्ही ओळखालच. साताऱ्याजवळच्या कल्याणगडाच्या पहिल्या दरवाजापाशी माझी आई भुयाराकडे बघून "मी बसते इथंच, तुम्ही या जाऊन" म्हणत होती. तुम्ही शेरडं पुतण्यावर सोपवलीत आणि म्हणालात, "बाई, एवढं चढून आलासा आन् देवाला भेटायचं न्हाय व्हय? कठड्याला धरा, मी फुडं हाय."

तुम्ही होतात म्हणूनच ती आत आली. अंधार, पायाखाली गार पाणी, आणि तुम्ही दर पावलाला सांगत होतात, इथं खोल हाय, इथं निसरडं हाय. शेवटी बॅटरीच्या उजेडात पार्श्वनाथ आणि दत्तमहाराज दिसले. आईने दोघांपुढेही सारख्याच भक्तीने हात जोडले. हा गड बाराव्या शतकातल्या दुसऱ्या भोज राजाचा, शिलाहार राजघराण्याचा. त्यांच्या राज्यात जैनांनाही आश्रय होता, हे मी वाचलेलं होतं. पण त्या गार पाण्यात उभं राहून तीर्थंकरांचं दर्शन घेणं वेगळंच.

खरे आभार मात्र वरच्या तासाभराचे. "वर नुसतं पडकं आहे, बघण्यासारखं काही नाही," असं आम्हाला बऱ्याच जणांनी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "गड बघायचा तर आदी पानी बघायचं." मग तळ्याच्या काठावर नेलंत. इथून निघालेला दगडच तटाला आणि वाड्याला लागला, म्हणजे खोदाई एकच आणि कामं दोन, हे समजावलंत. पावसाचं पाणी कुठून उतरतं, कुठे साठतं, ते हाताने दाखवलंत. मग गवतातली जोतीसुद्धा आम्हाला घरं म्हणून दिसू लागली. पाण्याजवळ कोण राहत असेल, यावर आई तुमच्याशी किती वेळ बोलत होती!

आम्ही सातारकर. अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला जातो, तिथली तळी येताजाता बघतो. १६९९च्या डिसेंबरात औरंगजेबाने वेढा घातला, प्रयागजी प्रभूंनी १७००च्या एप्रिलपर्यंत किल्ला लढवला, हे शाळेपासून पाठ आहे. एवढे महिने गडावरची माणसं पाणी कुठलं प्यायली, हा प्रश्न मला तुमच्यामुळे पडला. आता त्या तळ्यांपाशी माझी पावलं थांबतात.

कल्याणगडावर जाणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे: भुयारातल्या पाण्यात बाटल्या, निर्माल्य टाकू नका. आबा खाली वाकून ते एकेक उचलत होते.

आबा, पैसे तुम्ही घेतले नाहीत, आईने दिलेले लाडूही पुतण्याच्या हातावर ठेवलेत. बाजाराला किंवा दवाखान्याला साताऱ्यात आलात तर जेवल्याशिवाय परत जायचं नाही. आईचा निरोप आहे, काकूंनाही घेऊन या.

तुमची,
साताऱ्याची लेक