मनू, रात्री वर जाताना

२२ ऑक्टोबर

प्रिय मनू,

रविवारी तू फोन ठेवलास त्यानंतर मी बराच वेळ तसाच बसून होतो. आई म्हणाली, लगेच परत लावू नका, दोघंही तापलेले आहात. म्हणून लिहितोय. ओरडलो ते चुकलं. तू एवढ्या उत्साहाने सांगत होतीस आणि मी तुझं वाक्यसुद्धा पुरं होऊ दिलं नाही.

आधी तुमच्या बोटीच्या इंजिनाबद्दल, कारण ते बोलायचं राहूनच गेलं. एक्झॉस्टचं पाणी कमी झालेलं तुझ्या लक्षात आलं, वाफ दिसली, आणि अलार्म वाजायच्या आत तू इंजिन बंद केलंस. समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करून पंप उघडलास आणि नवा इम्पेलर, म्हणजे पंपातलं रबरी पात्यांचं चाक, बसवलास. मी आईला हे दोनदा सांगितलं, मग मामाला फोन करून सांगितलं. जुन्या इम्पेलरची तुटलेली पाती सापडली का? ते रबराचे तुकडे पुढे इंजिन थंड ठेवणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी जाऊन अडकतात आणि महिन्याभराने त्रास देतात. एकेक तुकडा जुळवून बघ. डिझेलच्या फिल्टरखालचं भांडंही रोज सकाळी बघत जा. तळाशी पाणी दिसलं तर आधी ते काढायचं, मग किल्ली फिरवायची.

क्रोएशियातल्या कोरनाती बेटांचे फोटो छान आहेत. १९८० पासून राष्ट्रीय उद्यान आहे, आत ८९ बेटं, आणि त्या उघड्या खडकांवरून सरळ चढत गेलेल्या दगडी भिंती. मेंढ्यांसाठी एवढं कोणी रचलं असेल! त्यातल्या एका फोटोत तू नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाशी, उभी आहेस, केस उडतायत. मागे जिन्याच्या तोंडाशी खुंटीला दोन्ही लाइफ जॅकेटं लटकलेली दिसतात. मी हे लिहिणार नव्हतो.

झादरहून वर रियेकाकडे जाताना वेलेबिट डोंगराच्या पायथ्याच्या खाडीतून जाऊ नका. नकाशावर ती वाट आडोशाची दिसते, पण तिथलं संकट डोंगरावरूनच उतरतं. १,७५७ मीटरचा तो डोंगर; पलीकडे साठलेली थंड हवा खिंडीखिंडीतून खाली कोसळते. त्यांच्याकडे तिला बुरा म्हणतात. मास्लेनित्साच्या पुलावर तिचे झोत ताशी २०० किलोमीटरच्या वर मोजलेले आहेत. पाग बेटाची डोंगराकडची बाजू बोडकी आहे ती हिच्यामुळेच. वारा लाटांचं खारं पाणी उडवून जमिनीवर मारतो आणि तिथे काही टिकत नाही. दक्षिणेकडचा वारा, युगो, निदान सांगून येतो. हवा दमट होते, ढग येतात, लाट दोन-तीन दिवस वाढत जाते. बुरा मात्र निरभ्र रात्रीही येते. वेलेबिटच्या माथ्यावर ढगांची पांढरी टोपी दिसली की त्या दिवशी बंदर सोडायचं नाही. सिल्बा, लोशिन्य या बेटांकडून, बाहेरच्या वाटेने जा. पुढे क्वार्नरच्या उपसागरातही बुरा आहेच, पण तिथे थांबायला बंदरं आहेत. वेळ लागू दे.

हे सगळं तुला माहीत आहे. रेडिओवरचं हवामान तू दिवसातून तीनदा लिहून घेतेस, मी ती वही पाहिली आहे. परीक्षा दिलेली बोटीची कप्तान तू आहेस आणि मी तुला शिकवत बसलोय. माफ कर.

दिवसाची मला भीती नाही गं. तू सांगितलंस ना, पहाटे तीनला नांगर सरकायला लागला, खाली झोपलेल्या सोबत्याला उठवलं नाही, एकटीच अनवाणी वर गेले, अंधारात नाळेवर जाऊन साखळी सोडली, पकड बसली आणि येऊन झोपले. आठ मीटर पाण्यात चाळीस मीटर साखळी, बरोबरच केलंस. नांगराचं मी काही बोलत नाही. त्या वेळी जॅकेट खुंटीला होतं आणि खाली कोणाला तू वर असल्याचं माहीत नव्हतं, एवढंच माझ्या डोक्यात फिरतंय. चालत्या बोटीचंही तेच. २ नॉटने जाणारी बोट मिनिटाला ६० मीटर लांब जाते. झोपलेल्या माणसाला हाक किती मिनिटं ऐकू येईल?

तू लहान असताना विचारायचीस, बाबा, रात्री समुद्र कसा दिसतो? मी म्हणायचो, मी इंजिनरूममधला माणूस, मला फक्त ऐकू येतो. ते अर्धंच खरं होतं. जहाजावर माझ्या वॉचला, म्हणजे पाळीला, एक ऑइलर, यंत्रांचं तेल बघणारा पोरगा होता, बाविशीचा. खाली उकाडा फार होता. मीच त्याला म्हणालो, जा, पाच मिनिटं वारा खाऊन ये. लॉगबुकात दोन वाजताची तापमानं त्याच्या हातची आहेत, तीनची माझ्या हातची. तो वरूनच केबिनमध्ये गेला असेल असं मला वाटलं. चारला वॉच बदलताना शोधाशोध सुरू झाली. जहाज वळवलं, दुपारपर्यंत फिरलो. समुद्र त्या दिवशी अगदी शांत होता. त्यानंतर मी रात्री डेकवर कधी उभा राहिलो नाही. हे आईला माहीत आहे, तुला सांगितलं नव्हतं. रविवारी मी तुझ्यावर ओरडत होतो, पण डोळ्यांपुढे ते लॉगबुकाचं पान होतं.

हे वाचून घाबरून परत येऊ नकोस. तू तिथे गेलीस याचा मला अभिमान आहे. मी अठरा वर्षं समुद्रावर होतो आणि त्यातला किनारा जवळपास पाहिलाच नाही. तू प्रत्येक खाडीत शिरून बघतेस. व्हिस बेटावर जाणार होतात ना? १९८९ पर्यंत ते परदेशी माणसांना बंदच होतं, लष्कराचा तळ होता. ते राहिलं वाटतं. वसंतात जा.

रात्री वर जाताना सोबत्याला हलवून उठव. चिडला तर चिडू दे. जॅकेट घाल, बोटीला बांधून ठेवणाऱ्या पट्ट्याची, हार्नेसची, क्लिप जिन्यातच अडकव, बाहेर पाय टाकायच्या आधी. तिथला समुद्रावरच्या मदतीचा नंबर १९५ आहे, आणि व्हीएचएफ रेडिओचा १६ चॅनल चालू असू दे. हे तो रात्री झोपेतूनही सांगू शकला पाहिजे, त्याच्याकडून पाठ करून घे.

पुन्हा तेच लिहिलं, बघ.

येत्या रविवारी फोन कर. तू आधी बोल, मी ऐकेन.

बाबा

ता. क. मागची शिडी पाण्यातून ओढून खाली घेता येते का, ते बंदरात असताना बघून घे. नसेल तर तिला एक लोंबती दोरी बांध, पाण्यातल्या माणसाच्या हाताला लागेल एवढी लांब. बांधलीस की फोटो पाठव.