गोळी उतरली, असे म्हणण्यापूर्वी

सांगली,
दि. १४ जुलै २०२५

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा रात्री फोनवर तू म्हणालास, "गोळी आता उतरली रे, तिच्यात काही दम राहिला नाही, हे पाकीट संपले की पुन्हा आणणार नाही," आणि मी नेहमीप्रमाणे "बघू, बघू" म्हणत फोन ठेवला. फोनवर मला नीट बोलता येत नाही, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. नंतर रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिले, म्हणून हे पत्र स्पीडपोस्टाने पाठवतो आहे. पाकिटात सहा गोळ्या आहेत असे तू म्हणाला होतास. त्या संपण्याआधी मेडिकलमधून पुढचे पाकीट आण, एवढी एकच विनंती आधी करतो; बाकीचे सावकाश वाच.

मी डॉक्टर नव्हे, बँकेतला निवृत्त कारकून आहे. परंतु नैराश्याची गोळी मी २०१६ पासून घेतो आहे, आणि "गोळी उतरली" हे वाक्य मी स्वतः तुझ्याहून जास्त वेळा उच्चारले आहे, म्हणून थोडे बोलण्याचा अधिकार घेतो.

तू म्हणतोस तसे होते, हे खरे आहे. वर्षानुवर्षे उत्तम लागू पडलेले औषध, डोस तोच, वेळ तीच, आणि तरी एके दिवशी माणसाला जुने सावट पुन्हा अंगावर आल्यासारखे वाटते. डॉक्टरी भाषेत त्याला टॅकीफायलॅक्सिस म्हणतात. फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचे औषध अमेरिकेत १९८७ च्या अखेरीस मंजूर झाले आणि प्रोझॅक या नावाने घरोघरी पोचले, तेव्हापासून तिकडचे लोक याला 'प्रोझॅक पूप-आउट' म्हणू लागले, म्हणजे गोळीने दम टाकणे. मात्र गोळीच अंगवळणी पडते, की मूळ आजारच गोळीला न जुमानता उसळी मारतो, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. नैराश्य हा मुळात परतणारा आजार आहे, ही गोष्ट आपण बरे वाटू लागले की सोयीस्करपणे विसरतो.

आता माझे काय झाले ते सांगतो, कारण त्यात माझी फजिती आहे आणि ती मी आजवर तुला सांगितलेली नाही. पहिली पाच वर्षे एसिटालोप्रॅम या नैराश्याच्या १० मिलिग्रॅमच्या गोळीवर माझे छान चालले होते. २०२१ मध्ये मन पुन्हा खचू लागले. डॉक्टरांनी विचारले, "गोळ्या नियमित घेता ना?" मी छाती पुढे काढून "एकही चुकत नाही" असे सांगितले. त्यांनी डोस २० वर नेला. उदासी थोडी हटली, पण तिच्या जागी एक विचित्र कोरडेपणा आला. पुढच्या वर्षी मुलीचे लग्न झाले. पाठवणीच्या वेळी ती माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडत होती, ही पदराने डोळे पुशीत होती, आणि मी मात्र मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्या टेम्पोत भांडी नीट चढवली की नाहीत ते पाहत होतो. मला वाईट वाटत नव्हते आणि चांगलेही वाटत नव्हते. रात्री मी हिला म्हणालो, "गोळी संपली. आता मोठी काहीतरी मागावी लागेल."

तशी ती मागायला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला: "तुम्हाला वाईट वाटते आहे, की काहीच वाटत नाही?" मी काही क्षण गप्प बसलो, कारण या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात हे मला सुचलेच नव्हते. भावना बोथट होणे हा या जातीच्या गोळ्यांचा ओळखीचा परिणाम आहे आणि तो डोसबरोबर वाढू शकतो, असे त्यांनी समजावले. ज्याला मी गोळी उतरणे म्हणत होतो, ते निदान अर्धे तरी गोळी जास्त चढणे होते. मी आणखी मोठी गोळी मागत होतो आणि ती मिळाली असती, तर मुलीच्या पहिल्या दिवाळसणालाही मी भांडीच मोजत बसलो असतो.

राहिलेले अर्धे मला घरी आल्यावर सापडले. जुन्या सवयीने मी मेडिकलची सगळी बिले एका डब्यात ठेवतो. रोज एक गोळी आणि पाकिटात दहा, म्हणजे वर्षाला छत्तीस-सदतीस पाकिटे व्हायला हवीत. २०२१ च्या बिलांची बेरीज अठ्ठावीस आली. दोनदा केली, तरी अठ्ठावीसच. जवळजवळ तीन महिन्यांच्या गोळ्या मी घेतल्याच नव्हत्या, आणि "एकही चुकत नाही" असे सांगताना मी खोटेही बोलत नव्हतो, कारण मला ते खरेच वाटत होते. शनिवार-रविवारी गावाकडे शेतावर जायचो आणि गोळी घरी राहायची. एसिटालोप्रॅमचे रक्तातले प्रमाण साधारण तीस तासांत निम्म्यावर येते. दोन रात्री चुकल्या की सोमवारी डोके गरगरणे, चिडचिड, मेंदूत बारीक झटके बसल्यासारखे वाटणे, हे सगळे मी 'आजार परत आला' या खात्यात जमा करत होतो.

पुढे डोस हळूहळू, काही महिन्यांत, उतरवला गेला. रक्त तपासले तेव्हा थायरॉइड ठीक निघाले, पण बी-१२ जीवनसत्त्व फारच कमी होते. आपण जन्माचे शाकाहारी, त्यात नवल ते काय! इंजेक्शने घेतली. समुपदेशकाकडे पंधरा बैठका झाल्या; पहिल्या तीनमध्ये मी बहुतेक वेळ शेतीच्या भावांवरच बोललो. यातले नेमके कशाने किती बरे वाटले, त्याचा ताळेबंद मला मांडता येत नाही. पण यंदा उन्हाळ्यात नातीला पहिल्यांदा उचलून घेतले तेव्हा घसा दाटून आला, आणि त्याचा मला किती आनंद झाला हे तुला एरवी सांगूनही कळले नसते.

पण तुझी गोष्ट माझ्यासारखी नाही, असे मला वाटते. तुला 'काहीच वाटत नाही' असे नाही. तू पहाटे चारला जागा होतोस, जेवण निम्म्यावर आले आहे आणि वहिनी म्हणतात की दोन महिन्यांत तू फिरायला एकदाही गेलेला नाहीस. हे आजार डोके वर काढत असल्यासारखे वाटते. अशा वेळी गोळी एकदम तोडणे म्हणजे गळक्या छपराची उरलेली कौलेही काढून टाकणे आहे. इंग्लंडमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. दीर्घकाळ गोळी घेणारे, बरे वाटत असल्याने ती बंद करण्याचा विचार करणारे ४७८ रुग्ण त्यात होते. ज्यांनी गोळी चालू ठेवली त्यांच्यापैकी ३९ टक्क्यांना वर्षभरात आजार पुन्हा झाला. ज्यांची हळूहळू बंद केली त्यांच्यापैकी ५६ टक्क्यांना. गोळी घेत असूनही शंभरातले एकोणचाळीस जण घसरले, म्हणजे तुझी तक्रार खोटी नाही. पण बंद करणाऱ्यांचा आकडा त्याहून मोठा आहे, आणि ते तर चांगले वाटत असताना बंद करणारे होते.

आता एक गोष्ट अशी लिहितो, जी तुला आवडणार नाही. २०११ चा तो उन्हाळा आठव. तीन आठवडे तू रात्री दोन-अडीच तास झोपत होतास आणि तरी थकत नव्हतास. पहाटे मला फोन करून शाळा काढण्याच्या योजना सांगायचास. कुणालाही न विचारता भविष्य निधीतले पैसे काढून जमिनीचा बयाणा देऊन आलास. आम्ही सगळे म्हणालो, गडी जोरात आहे. त्यानंतर सहा महिने तू अंथरुणावर होतास. ते तू डॉक्टरांना कधी सांगितले आहेस का? माणूस खचलेला असताना दवाखान्यात जातो, त्यामुळे जोरात असतानाचे दिवस चिठ्ठीवर कधी येतच नाहीत. नैराश्याच्या काही रुग्णांचा आजार प्रत्यक्षात बायपोलर असतो, म्हणजे मन कधी पार खचते, तर कधी असे भलतेच जोरात असते. त्यात नुसत्या नैराश्याच्या गोळीने भागत नाही, ती पुन्हा पुन्हा 'उतरते' असे वाटते, कधी उलट मनाला भलताच वेग येतो, आणि उपचाराची दिशाच बदलावी लागते. तुला तसेच असेल, असे मी म्हणत नाही, ते ठरवणारा मी कोण? परंतु हे सांगितल्याशिवाय डॉक्टरांनाही ते ठरवता येणार नाही.

संध्याकाळच्या दोन पेगांबद्दलही त्यांना सांग. दारू स्वतःच मनाला खाली ओढते आणि झोप मोडते. गुडघ्यासाठी मध्यंतरी जी औषधे घेतलीस, त्यांची चिठ्ठीही ने, कारण त्यात स्टेरॉइड असेल तर तेही मनःस्थिती बदलू शकते. त्यानंतर डोस वाढवायचा, गोळी बदलायची, तिच्या जोडीला लिथियमसारखे दुसरे औषध द्यायचे की आणखी काही, हे त्यांना ठरवू दे. वाटा पुष्कळ आहेत. अमेरिकेतल्या सुमारे चार हजार रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात पहिल्याच औषधावर पूर्ण बरे झालेले लोक जेमतेम एक तृतीयांश होते. पहिली गोळी अपुरी पडणे हे नेहमीचेच आहे.

आणखी एक, आणि हे मी सरळ विचारतो. फोनवर तू म्हणालास, "आता सगळ्याचाच कंटाळा आला." जिवाचे काही करून घ्यावे असे मनात येते का? येत असेल तर मला रात्री-अपरात्री उठव, वहिनींना सांग, आणि आम्ही दोघेही हाताशी नसलो तर १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा नंबर लाव. तो सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येते. विचारल्याबद्दल राग धरू नकोस. न विचारल्याचा राग मला स्वतःवर आला असता.

येत्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघून शनिवारी सकाळी नाशिकला पोचतो. डॉक्टरांची वेळ वहिनींना घ्यायला सांगितली आहे. तुला न विचारता सांगितली, हा माझा अपराध. जुन्या चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि मेडिकलची सापडतील तेवढी बिले एका पिशवीत भरून ठेव. आत तुझ्याबरोबर बसू की बाहेर बाकावर थांबू, ते तू ठरव. २०११ चे तुला बोलवणार नसेल, तर हे पत्रच त्यांच्यापुढे ठेव.

बिलांची बेरीज मी आल्यावर करतो. तुझ्या गणिताची मला शाळेपासून कल्पना आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझाच