आरोग्यमंत्री साहेब, "वय झालं" म्हणायच्या आधी एक रक्ततपासणी होऊ द्या

मा. आरोग्यमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब नमस्कार,

मी यावल तालुक्यातला. घरची साडेतीन एकर केळी आहे, ती लहान भाऊ बघतो, आणि मी गेली चौदा वर्षं एका मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर कामाला आहे. पत्र आबांमुळे म्हणजे माझ्या वडिलांमुळे लिहितोय, पण फक्त त्यांच्यासाठी नाही.

आबा ६९ वर्षांचे. माळकरी माणूस, मुक्ताईनगरची वारी कधी चुकवली नाही, अंड्याला सुद्धा हात लावत नाहीत. दोन वर्षांपूर्वी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, चाव्या, मग ठिबकचा व्हॉल्व्ह. मोटर चालू करून कोणत्या प्लॉटला पाणी सोडायचं तेच आठवायचं नाही, जो बाग त्यांनी स्वतः लावला त्यात उभे राहून इकडे तिकडे बघत राहायचे. चालताना पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि त्यांना कळायचं पण नाही. चिडचिड वाढली, भजनाला जाणं बंद झालं, ओट्यावर बसणं बंद झालं. गावात सगळे म्हणायचे साठी बुद्धी नाठी, आम्ही पण तेच धरून चाललो. माय म्हणाली बाहेरचं काही असेल तर तिच्या समाधानासाठी एका भगताकडे पण नेऊन आणलं. तालुक्याच्या एका दवाखान्यात दाखवलं तिथे दोन मिनिटात सांगितलं की म्हातारपण आहे, आणि झोपेची गोळी आणि एक टॉनिक लिहून दिलं.

मग एक दिवस संध्याकाळी शेतातून घरी आलेच नाहीत. रात्री साडेनऊला दुसऱ्या गावच्या बस स्टॉपवर सापडले, मला बघून म्हणाले, "मले घरचा रस्ताच सापडेना रे भो." साहेब त्या रस्त्याने हा माणूस पन्नास वर्षं बैलगाडी घेऊन गेला आहे. मी त्या रात्री झोपलो नाही.

नंतर जळगावला एका डॉक्टरांनी पहिल्यांदा नीट विचारलं. काय खाता, कोणत्या गोळ्या चालू आहेत, किती वर्षं, पायाला मुंग्या येतात का, ऐकू येतं का. शुगरसाठी अकरा वर्षं मेटफॉर्मिन, अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल रोज सकाळी उपाशीपोटी सात-आठ वर्षं, जेवण पूर्ण शाकाहारी. डॉक्टर म्हणाले आधी बी-१२ व्हिटॅमिनची रक्ततपासणी करा. रिपोर्ट आला ९४. दोनशेच्या वर पाहिजे असतं.

इंजेक्शनं सुरू केली. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता महिन्याला एक. दुसऱ्या महिन्यात मुंग्या कमी झाल्या. चौथ्या महिन्यात एका सकाळी आबांनी मला विचारलं की यंदा केळीचा भाव काय फुटला. मी तिथेच खाली बसलो. सगळं परत आलं असं मी म्हणणार नाही, काही नावं अजून अडखळतात, डॉक्टर म्हणाले उशीर झाला त्यामुळे थोडं नुकसान राहील. पण ते आता एकटे शेतात जातात आणि एकटे परत येतात.

आता मला जे रोज टोचतं ते सांगतो. त्या गोळ्या मी दिल्यात. माझ्या हाताने, माझ्या काउंटरवरून. मेटफॉर्मिन खूप चांगलं औषध आहे, स्वस्त आहे, ते कोणी मनाने बंद करू नये, पण वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ शरीरात शोषलं जाणं कमी होतं. अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूलने पोटातलं अ‍ॅसिड कमी होतं आणि अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला तेच अ‍ॅसिड लागतं. आणि बी-१२ मुळात मिळतं दूध, दही, अंडी, मासे, मटण ह्यातूनच, भाजीपाल्यात, डाळीत नसतं. केळ्यात पण नाही, केळीवाला असून सांगतो. लिव्हरमध्ये त्याचा साठा काही वर्षं पुरतो म्हणून कमतरता हळूहळू येते आणि येईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. तिन्ही गोष्टी एकाच माणसात असलेले लोक आमच्या तालुक्यात घरोघर आहेत. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२२ मध्ये डॉक्टरांना सूचनाच काढली की मेटफॉर्मिनवर असलेल्या आणि धोका असलेल्या पेशंटचं बी-१२ तपासत राहा. आपल्याकडे तर शाकाहारी माणसं त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त, आपल्याला ही सूचना जास्त लागू पडते.

सगळा विसरभोळेपणा बी-१२ ने होतो असं माझं म्हणणं नाही. अल्झायमर वेगळा, त्याला असं इंजेक्शन नाही. पण थायरॉइड, बी-१२, डिप्रेशन, चुकीची औषधं, शरीरातलं पाणी आणि सोडियम कमी होणं, ही कारणं दुरुस्त होण्यासारखी असतात आणि ती शोधलीच नाहीत तर त्या माणसाला आपण जिवंतपणी सोडून दिलं असा अर्थ होतो. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही, दोन दिवस पाणी कमी पडलं की माणूस बरळायला लागतो आणि घरचे समजतात वेड लागलं.

भारतात साठीच्या पुढच्या लोकांत ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया म्हणजे विसरण्याचा आजार आहे असा अंदाज आहे, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं. आणि लॅन्सेट ह्या डॉक्टरी जर्नलच्या कमिशनने २०२४ मध्ये १४ कारणं सांगितली, ती आवरली तर जवळजवळ ४५ टक्के डिमेन्शिया टाळता येईल किंवा पुढे ढकलता येईल. बीपी, शुगर, तंबाखू-सिगारेट, दारू, बैठं आयुष्य, एकटेपणा, डोक्याला मार, नजर कमी होणं, वाढलेलं कोलेस्टेरॉल अशी ती यादी. त्यात ऐकू कमी येणं हे सगळ्यात वरच्या कारणांत आहे हे वाचून मी चमकलो, कारण आबांना पण कमी ऐकू यायचं आणि आम्ही त्याला कधी आजार समजलोच नाही. मोठ्याने बोलायचं एवढाच आमचा उपाय. ऐकू येत नाही म्हणून माणूस भजनात बसत नाही, पारावर बसत नाही, गप्प होतो, आणि मेंदूला काम उरत नाही. कानाचं मशीन बसवल्यावर आबा पुन्हा भजनात टाळ घेऊन बसले, बी-१२ इतकाच फरक मला त्या मशीनचा वाटतो.

जेवणाबद्दल बोलतो कारण त्यावर आपल्या खात्याकडून जे पोस्टर येतात ते आमचे वाटतच नाहीत. पोस्टरवर सफरचंद, ब्रोकोली, अक्रोड. आमच्या माणसाला वाटतं हे पैसेवाल्यांचं. अहो खान्देशात कळण्याची भाकरी आहे, ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून, त्यात प्रोटीन, फायबर सगळं. जवसाची चटणी आहे, जवसात ओमेगा-३ असतं. शेंगदाणे, तीळ, अंबाडीची भाजी, मेथी, भरताची वांगी. आजीच्या काळी हेच ताट होतं. आता ज्वारीच्या जागी कपाशी आणि केळी आली, भाकरीच्या जागी पोळी, आणि पोरांच्या हातात पाच रुपयांचा कुरकुऱ्याचा पुडा. दुधाचं तर बघा, दावणीला दोन म्हशी आणि दूध सगळं डेअरीला, घरात उरतं फक्त चहापुरतं. शाकाहारी घरात दोन ग्लास दूध नाहीतर त्यातलं दही-ताक रोज पोटात गेलं तर बी-१२ ची बरीचशी गरज भागते हे कोणी सांगितलंच नाही. आपली आशाताई हे चुलीपाशी बसून सांगू शकते, पण तिच्या हातात तसा कागद द्या, आमच्या पदार्थांची नावं असलेला, धुळ्याकडे अहिराणीत, सातपुड्यात पावरीत.

आणि त्याच कागदावर आमच्या चुका पण लिहा. आम्ही मीठ फार खातो. उन्हाळ्यात घातलेले बिबडे, कुरडया, पापड, लोणचं, वरून शेवभाजी, तर्री तेलाची. डब्ल्यूएचओ म्हणतं दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ, म्हणजे चहाचा एक चमचाभर, सगळं धरून. बीपी वाढतं ते दिसत नाही आणि मग एक दिवस लकवा मारतो. मेंदूत रक्ताची गाठ अडकून झालेल्या लकव्यावर गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासाच्या आत द्यावं लागतं, पण आमच्याकडे पहिला दिवस मालिश आणि झाडपाल्यात जातो. हे सुद्धा मेंदूचंच आरोग्य आहे ना साहेब, का फक्त मेंटल हॉस्पिटल म्हणजे मेंदू?

झोपेचा विषय कोणी आरोग्य खात्याकडे नेत नाही म्हणून मी आणतोय. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा असली तर दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्री बारा-एकला उठून मोटर चालू करायची, साप-विंचवात बॅटरी घेऊन फिरायचं, सकाळी परत कामाला. तीस-तीस वर्षं माणसं असं जगतात. दिवसभराची आठवण पक्की व्हायचं काम झोपेत होतं, मन शांत राहायला झोप लागते, बीपी-शुगरला पण झोप लागते. दिवसा वीज द्यायची सौर योजना आहे, ती ऊर्जा खात्याची आहे हे मला माहीत आहे, पण आरोग्यमंत्री म्हणून आपण एकदा कॅबिनेटमध्ये उभं राहून म्हणा की शेतकऱ्याची झोप हा आरोग्याचा प्रश्न आहे. त्या वाक्याला वजन येईल.

मनाच्या आजाराचं बोललं नाही तर हे पत्र खोटं होईल. वादळ येतं, अर्ध्या तासात घड लागलेला बाग आडवा होतो, आणि त्या रात्री त्या घरात काय चालतं ते मी जवळून पाहिलंय. नुसती ज्वारी खाऊन आणि सकाळी फिरून डिप्रेशन जातं असं कोणी सांगू नका. रोजचं चालणं, झोप, वेळेवर जेवण, चार माणसांत बसणं ह्याची मदत नक्की होते, पण आजार झाला तर डॉक्टर आणि औषध लागतंच. सरकारची मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. अक्कलकुव्याच्या पाड्यावरून ठाणे किती लांब आहे ते आपण नकाशावर बघा. सरकारच्या टेली-मानस ह्या मनाच्या आजाराच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, आणि आमच्या दुकानात येणाऱ्या दहातल्या एकाला सुद्धा माहीत नाही. मी स्वतः कागदावर लिहून काउंटरला चिकटवलाय. तो प्रत्येक कृषी केंद्रावर, सोसायटीत, दूध डेअरीवर, एसटीच्या मागे लिहिलेला पाहिजे.

कर्नाटकाने २०२२ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्स ह्या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेला सोबत घेऊन ब्रेन हेल्थ इनिशिएटिव्ह सुरू केलं, त्यात पीएचसीच्या म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना डोकेदुखी, फिट, लकवा, डिमेन्शिया ओळखायला शिकवलं जातं. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांत आता सरकारी मेडिकल कॉलेज आहे. सुरुवात खान्देशातून करा. माझं मागणं खरंतर लहान आहे. मेटफॉर्मिन चार-पाच वर्षांच्या वर चालू असलेल्या प्रत्येकाचं बी-१२ पीएचसीतून तपासलं जावं, सँपल जिल्ह्याला पाठवा हवं तर. इंजेक्शन तिथेच मिळावं, बाहेर सुद्धा ते काही महाग नाही, तपासणीच महाग पडते, आम्हाला ९०० रुपये लागले. साठीच्या पुढच्या माणसाची बीपी-शुगर बघताना कानाची आणि मनाची दोन वाक्यं विचारा. विसरायला लागलेल्या माणसाच्या पेपरवर "वय" एवढंच लिहून परत पाठवू नका, थायरॉइड आणि बी-१२ चा रिपोर्ट बघितल्याशिवाय तर नाहीच. आणि ती ब्रेन टॉनिकं, मेमरी पावडरी... मी विकतो म्हणून सांगतो, गरीब माणूस तीनशे-चारशे रुपये त्यावर घालवतो आणि तपासणीला पैसे उरत नाहीत. त्याबद्दल खात्याने एकदा स्पष्ट बोलावं.

आमच्या गल्लीत एक काकू आहेत, सत्तरीच्या आत. पोरगा सुरतला, सून त्याच्यासोबत, काकू एकट्या. शुगरची गोळी मीच देतो. गेल्या महिन्यात एकाच दिवशी तीनदा गोळ्या घ्यायला आल्या, तिन्ही वेळा पहिल्यांदाच आल्यासारखं बोलल्या. बोटांना मुंग्या येतात म्हणाल्या. येत्या सोमवारी मी सुट्टी टाकून त्यांना पीएचसीत घेऊन जाणार आहे. बी-१२ तिथे होत नाही हे मला माहीत आहे, तरी ओपीडीच्या पेपरवर डॉक्टरांकडून लिहून घेणार आहे की ही तपासणी पाहिजे आणि इथे होत नाही, आणि त्या पेपरची झेरॉक्स आपल्या मुंबईच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवणार आहे. काकूंचा नंबर कधी लागेल तेवढं कळवा.

आपला,
एक मेडिकलवाला, आबांचा मोठा मुलगा
ता. यावल, जि. जळगाव