पडवीतल्या जनरेटरविषयी

तीर्थरूप बाबा व तीर्थरूप आई यांस साष्टांग नमस्कार.

चार दिवस आमचा फोन लागला नाही आणि तुमचा जीव टांगणीला लागला, याचे फार वाईट वाटते. वीज आल्यावर मी फोनवर ‘सगळे ठीक आहे’ एवढेच म्हणाले, कारण आई रडत होती आणि मलाही पुढे बोलवेना. पण त्या दिवसांत आमच्या हातून झालेली एक चूक तुम्हांला सांगितलीच पाहिजे, कारण तीच चूक सावईवेऱ्याच्या आपल्या घरात दर पावसाळ्यात होते आहे.

इथे कॅनडात, ऑन्टारिओत, वीज बर्फाने गेली नाही, पावसाने गेली. वरची हवा उबदार आणि जमिनीलगतची गोठणबिंदूच्या खाली असली, की थेंब पाणी म्हणूनच खाली येतात आणि ज्याला लागतील त्यावर तत्क्षणी गोठतात. सकाळी दारातल्या मेपलच्या प्रत्येक डहाळीवर काच चढल्यासारखी दिसत होती, आणि दुपारपर्यंत त्या भाराने फांद्या मोडून तारांवर पडू लागल्या. तो आवाज ऐकताना मला 2021 च्या मे महिन्यातले तौक्ते वादळ आठवले, कुळागरातल्या पोफळी कडाकडा मोडत होत्या तो रविवार.

तेव्हाही आपण पाच दिवस विजेवाचून होतो, परंतु विहिरीवर रहाट होता, न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाखाली नारळाची सोडणे जळत होती, चुलीवर पेज शिजत होती, आणि डास सोडले तर कुरकूर करण्याजोगे काही नव्हते. इथे आमची भट्टी गॅसवर चालते खरी, पण गरम हवा खोल्यांतून फिरवणारा पंखा विजेचा आहे. विहीरही आहे, पण तिचा पंप विजेचा, आणि वीतभर रुंदीच्या त्या खोल नळीत कळशी सोडता येत नाही. बाहेर उणे पंधरा अंश असताना घरातला पारा पहिल्या रात्री चौदावर आला आणि दुसऱ्या संध्याकाळी सातवर. नळ फुटू नयेत म्हणून मुख्य तोटी बंद करून वाहिन्यांतले सगळे पाणी काढून टाकले, खिडक्यांवर गोधड्या टांगल्या आणि सर्वांत लहान खोलीत तिघेही एकाच अंथरुणात शिरलो. आई, तू शिवलेली जुन्या नऊवारीची गोधडी सर्वांत उपयोगी पडली. (दूधदुभते तेवढे बाहेर पेटीत ठेवून सुरक्षित राहिले.)

चूक त्या दुसऱ्या रात्री झाली. तुमच्या नातीचे पाय काही केल्या गरम होईनात, म्हणून मागच्या अंगणातली मांस भाजण्याची कोळशाची शेगडी आत आणण्याचे मी सुचवले आणि तुमच्या जावयांनी ती पेटवून खोलीच्या दाराशी ठेवली. मला त्यात काहीच वावगे वाटले नाही. माझ्या बाळंतपणात आईने बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून महिनाभर शेक दिला होता. त्या ऊबेइतके सुरक्षित मला दुसरे काही माहीत नव्हते. वीसेक मिनिटांत भिंतीवरचे कार्बन मोनॉक्साइडचे सूचक यंत्र किंचाळू लागले. माझे डोके जड झालेच होते, पण ते मी थकव्यावर ढकलले होते. पोरीला उचलून आम्ही अनवाणी बाहेर बर्फात पळालो. ते यंत्र आम्ही हौसेने लावलेले नव्हते; ऑन्टारिओत इंधन जळणाऱ्या घरांना ते कायद्याने बंधनकारक आहे म्हणून होते.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे छाती श्वास घेत राहते आणि शरीराला प्राणवायू मिळत नाही. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. शेजारच्या आजींनी दुसऱ्या दिवशी आम्हांला आपल्या लाकडाच्या, धुराड्याच्या शेगडीपाशी बसवून 1998 च्या जानेवारीची हकिगत सांगितली. त्या वेळी पूर्व ऑन्टारिओ आणि क्वेबेकमध्ये असाच पाऊस पाच-सहा दिवस पडत राहिला, विजेचे पोलादी मनोरे कोसळले, काही घरांत महिनाभर वीज नव्हती, आणि जे लोक दगावले त्यांतले काही थंडीने, तर काही घर उबदार करण्याच्या अशाच खटपटीत याच वायूने गेले.

मग आईच्या शेगडीने आमचे काही कसे बिघडले नाही, हा विचार मी तेव्हापासून करते आहे. ती खोली कौलांची होती. फटींतून, छपराखालून वारा सतत खेळत होता. पण ते घर आता राहिले कुठे? माजघराला खालून छत मारले, काचेच्या सरकत्या खिडक्या बसवल्या, आणि तौक्तेनंतर बाबांनी घेतलेला पेट्रोलचा जनरेटर पाऊस लागू नये म्हणून पडवीत, नेमका तुमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली ठेवला. गेल्या जुलैत दोन रात्री तो लावून तुम्ही झोपलात आणि सकाळी आईचे डोके दुखत होते, हे तिनेच मला सांगितले होते. आपण ते पित्तावर ढकलले, पण जनरेटरच्या धुरातही हाच वायू असतो.

बाबा, तो गोठ्यात हलवा. गोठा तीन बाजूंनी मोकळा आहे आणि घरापासून वीस फुटांहून लांब आहे. निदान तेवढे अंतर हवेच, आणि धुराचे तोंड घराकडे नको. त्यासाठी जाड, लांब केबल लागेल, ती वायरमनकडून बसवून घ्या. घरातल्या सॉकेटमध्ये उलटी वायर खोचण्याचा तुमचा जुना उपाय मात्र नको, कारण ती वीज तारांत उलटी जाऊन खांबावर चढलेल्या माणसाला लागू शकते. झोपताना तो बंद करा. पंख्यावाचून एक रात्र गेली तरी चालेल.

फेब्रुवारीत येणाऱ्या मैत्रिणीबरोबर दोन सूचक यंत्रे पाठवते आहे. ती बॅटरीवर चालतात. एक तुमच्या खोलीत आणि एक माजघरात लावा आणि महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबत जा. आवाज फार कर्कश आहे, तेव्हा पहिल्यांदा दाबण्याआधी आईला सांगा आणि कुत्र्याला अंगणात सोडा.

तुमची लाडकी लेक